अवेळचं पाणी

"आज पाणी सुटायचं नाही, मॅडम," वीजघराच्या फाटकाशी उभा असलेला माणूस म्हणाला. "आजच असं नाही, पाऊस पडेपर्यंत तसा हुकूमच आहे. वरून फोन आला तरच मशीन फिरवायचं."

मी खांद्याची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होते.

"आणि फोन कधी येतो?"

"त्याचं काही सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात एकदा आला होता. कधी पंधरवडा पंधरवडा येत नाही."

माझ्या मागून आत्या चढ चढून आली. पदराने मान पुसत तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय म्हनतोय जब्बार?"

"पाणी सोडणार नाहीत म्हणतात."

"का बरं? वर धरान हाय की एवढं."

"धरण आहे, काकी, पाणी कुठंय," जब्बार मुलाणी म्हणाला. तो त्या वीजघरातला ऑपरेटर होता आणि खालच्या वाडीतलाच असल्यामुळे आत्याचा लहानपणापासूनचा ओळखीचा. "तळ गाठलाय. आहे तेवढं प्यायला राखून ठेवलंय."

"मग आमी कुठं पियाला मागतोय? नुसतं जाऊ दे आमच्या म्होरनं."

तो हसला. मग त्याची नजर पिशवीकडे गेली. पिशवीच्या तोंडातून पांढऱ्या फडक्याची गाठ वर आली होती. त्याने हसू आवरलं.

"कोण, काकी?"

"माजा भाऊ. लक्ष्या. तिकडं कोळशाच्या गिरनीत व्हता त्यो."

मुलाणीने फाटक उघडलं आणि आतून दोन खुर्च्या आणून जांभळीच्या सावलीत मांडल्या.

बाबांना जाऊन तेव्हा महिना होत आला होता. दहाव्याला तिकडच्या नदीवर मी सगळं रीतसर केलं, पण थोड्या अस्थी मागे ठेवल्या. "आमच्या नदीत," एवढंच बाबा म्हणाले होते, आणि तेवढं म्हणतानाही त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला होता. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून मडकं गॅलरीत कपड्यांच्या दांडीला टांगलेलं होतं. सकाळी कपडे वाळत घालताना माझा हात त्याला लागायचा. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी निघाले. आधी रेल्वे, मग एसटी, शेवटी वडापची जीप. मडकं जमिनीला टेकवायचं नसतं, म्हणून सगळा प्रवास ते मांडीवर होतं. एसटीत कंडक्टरने पिशवी वरच्या फळीवर ठेवा म्हणून सांगितलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे निघून गेला. थोड्या वेळाने परत येऊन त्याने मला ड्रायव्हरच्या मागची सीट दिली.

आत्याचं सासर धरणाच्या भिंतीखाली, माहेर भिंतीच्या वर. ती आणि बाबा ज्या कारवंडीत जन्मले ते गाव धरण भरलं त्या वर्षी पाण्याखाली गेलं. बाबांना धरणग्रस्त म्हणून नोकरी मिळाली, ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, दगडी कोळशावरच्या वीज केंद्रात. तिथेच त्यांचं लग्न झालं, मी झाले, आई गेली, ते निवृत्त झाले. गावी जाऊ या म्हटलं की म्हणायचे, "जायचं खरं, पण उतरायचं कुठं?" आत्याची वाडी मात्र राहिली. तिच्या दारासमोरची नदी तेवढी गेली. पावसाळा सोडला तर पात्र कोरडं असतं. वीज करायची असेल तेव्हा वीजघरातून पाणी सुटतं, काम झालं की बंद होतं.

पाण्याचं हे गणित मला पुस्तकातून माहीत होतं. पण त्या दिवशी एसटीच्या खिडकीतून ते पात्र पाहिलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की अस्थी वाहत्या पाण्यात सोडायच्या, पण इथलं पाणी वाहतं तरी कधी?

वेळही नेमकी अशी, की आत्याच्या घरी दुसऱ्या दिवशी नातवाची हळद होती. दारात मांडव पडला होता, जांभळीचे डहाळे अजून ओले होते. मडकं मांडवाखाली येणार नाही हे मला कुणी सांगितलं नाही. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन मांडवाच्या बाहेरच उभी होती. माझ्या पायांवर पाणी घालून ती म्हणाली, "दिस बुडायच्या आत उरकू, कुंदे. अंधारात सोडत न्हाईत." आणि तशीच वीजघराच्या वाटेला लागली. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पाणी आलं नाही, तर बाबांना त्यांच्याच गावाकडे रात्र काढायला जागा नव्हती.

"वर धरणातच सोडलं तर?" मी मुलाणीला विचारलं.

"तिकडं जाऊ देत नाहीत, मॅडम. तरी मी शब्द टाकून बघतो. एखादी होडी..."

"धरनात?" आत्या मध्येच म्हणाली. "बापाला टाकीत सोडतीस व्हय? त्यात वाहतंय काय? एका जागी बसल त्यो तिथं, घरावर नजर लावून. आदीच काय कमी बसला का?"



मुलाणीने आत जाऊन चहा आणला. आत्याने हात आडवा केला. "आंगुळ हुईस्तवर काय घेनार न्हाई मी." मीही नको म्हणाले. दोन्ही कप खिडकीच्या फळीवर ठेवून तो आमच्यासमोर पायरीवर बसला. सोबत म्हणून बसला असावा. त्याला तसं काही काम नव्हतं. आतली मशीन बंद होती, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर तेवढा बारीक घुमत होता. बाबांच्या खाटेशी प्राणवायूचं मशीन होतं, त्याचाही आवाज असाच होता. ते लाइटवर चालायचं. लाइट गेली की मी उठून सिलिंडरची नळी जोडायची. जिथून अर्ध्या राज्याला वीज जाते, त्या केंद्राच्या कॉलनीबाहेर, निवृत्तीनंतरच्या आमच्या गल्लीत दिवसातून एकदा तरी लाइट जायचीच, आणि बाबा नळीआडून म्हणायचे, "कुणाच्या तरी घरी आहे ना, मग झालं." भाड्याचं ते मशीन माणसं परत घेऊन गेली त्या दिवसापासून मी संध्याकाळी फ्रिजचा आवाज ऐकत बसायची.

"मॅडम, तुम्ही काय करता?" मुलाणीने विचारलं.

"शाळेत शिकवते. विज्ञान."

"मग आमचं खातं येत असेल तुमच्या पुस्तकात."

"येतं. ऊर्जेची साधनं, त्यांचे फायदे आणि तोटे."

आत्या डोळे मिटून बसली होती. ती झोपली असं मला वाटलं होतं.

"धरनाचं काय लिवलंय त्यात?"

"फायदे बरेच आहेत. धूर होत नाही. इंधन लागत नाही."

"आन् तोटं?"

"जमीन पाण्याखाली जाते. विस्थापन होतं."

"म्हंजी?"

"गाव उठवावं लागतं."

"कारवंडीचं नाव हाय का त्यात?"

"नाही, आत्या. कुठल्याच गावाचं नाही."

"मग पोरास्नी कळायचं कसं, कुठलं ते?" तिने डोळे उघडले. ते कायम लाल असत. जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्याने, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात गॅस आला होता, पण मांडवाचा स्वयंपाक चुलवणावरच चालला होता आणि सकाळपासून ती तिथेच होती. "आन् लक्ष्याच्या कोळशाचं?"

"धूर. राख."

"बास?"

"परीक्षेला तेवढंच विचारतात."

राखेचं तळं आमच्या कॉलनीपासून सायकलच्या अंतरावर होतं. पाण्यात कालवलेली राख पाइपातून तिथे जाऊन पडायची. त्या तळ्याखाली एका गावाची शेतं होती आणि त्या गावचे लोक बाबांच्या हाताखाली कंत्राटी कामाला होते. बाबा त्यांच्याशी फार अदबीने बोलत, बाजारात भेटले तर थांबून चौकशी करत. एकदा मी विचारलं, हे आपले कोण? बाबा म्हणाले, "कुणी नाहीत. ओळखीचे वाटतात." पुढे बाबांचा खोकला सुरू झाला तेव्हा त्यांच्यातलाच एक जण अडुळशाचा पाला घेऊन आला. तो स्वतःही खोकतच होता.

हे मी आत्याला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती समोरच्या पठाराकडे बघत होती. वर पवनचक्क्यांची रांग होती, त्यातल्या दोनच फिरत होत्या.

"बग की," ती म्हणाली. "वर डोंगराला पंखं लावल्यात आन् खाली आमी पदरानं वारा घेतोय."

मुलाणी हसला. "काकी, ते वारा घालत नाहीत, वारा घेतात."

"व्हय, सगळी घ्यायालाच आल्यात."

"वारा पडला की तेही गप. मागच्या आठवड्यात तेच झालं. वारा पडला, तिकडून फोन, 'मुलाणी, मशीन लाव.' आम्ही म्हणजे काय, काकी, पंगतीला वाढपी कमी पडला की हाक मारायचा माणूस."

सावली हळूहळू आमच्या खुर्च्यांवरून सरकून भिंतीवर चढली. खालून वाडीतून बाजाचा आवाज यायला लागला. मांडवात कुणीतरी स्पीकर तपासत होतं. आत्याच्या कमरेच्या पिशवीतला मोबाइल वाजला. सुनेचा होता. "याले, याले," आत्या म्हणाली, "तुमी हळद कुटून घ्या, माजी वाट नगा बगू." तिने फोन बंद केला आणि सूर्याकडे पाहिलं. मग मुलाणीकडे.

"जब्बार, लेकरा, उगं जरा फिरीव की. घोटभर जाऊ दे."

मुलाणीने मान खाली घातली.

"काकी, तुमच्या शब्दाबाहेर नाही मी. पण एक मिनिट फिरवलं तरी तिकडं मुंबईला पडद्यावर आकडा उमटतो. विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून. आणि पाणी सुटलं की सुटलं, ते काय परत वर नेता येत नाही."

"नको, आत्या," मी म्हणाले. "बाबांनीही फिरवलं नसतं."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी परकी आहे हे तिला त्या क्षणी आठवलं असावं. पण ते खरं होतं. बाबांच्या हाताखाली कंट्रोल रूममध्ये तीन भिंती भरून बटणं होती आणि सांगितल्याशिवाय त्यांनी त्यातलं एकही दाबलं नसतं, स्वतःच्या बापासाठीसुद्धा. मुलाणीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

"मी हे घेऊन स्टँडवर बसते," मी म्हणाले. "सकाळच्या पहिल्या गाडीने जाते परत. पाऊस झाला की येईन."

"स्टँडवर?" आत्या म्हणाली. "कुत्र्यामांजरांत भावाला ठिवू व्हय मी? तिथं बाकावर लोकं पाय वर घिऊन झोपत्यात."

"मग काय करू?"

मुलाणी चाचरत म्हणाला, "भिंतीच्या पायथ्याला थोडं पाझरतं. ते पात्रातनं जातं बारीक. आता वाहतं म्हणायचं तर... वाहतंच ते."

"गळतंय त्यात सोडू व्हय?"

"वाहतं, काकी. हळू वाहतं, पण वाहतं."

आत्या हाताचा आधार घेऊन उठली. "चल," ती मला म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "त्याच्या नशिबात गळतंय तर गळतं."

"पाणी सुटायचा भोंगा झाला तर लगेच वर या," मुलाणी मागून म्हणाला. "तसा होणार नाही, पण कान असू द्या."

पात्रात उतरायला जुन्या घाटाच्या पायऱ्या होत्या. धरण व्हायच्या आधीच्या. मधल्या काही निखळल्या होत्या. तिथे आत्या बसून बसून उतरली. मी एका हाताने तिला धरलं होतं, दुसऱ्या हातात पिशवी. खाली गोटे दिवसभराच्या उन्हाने तापलेले होते आणि त्यांच्यावर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे होते. मधोमध मनगटाएवढी धार चालली होती. जागोजागी ती गोट्यांखाली नाहीशी व्हायची, पुढे परत दिसायची. आत्या तिच्यापाशी वाकून उभी राहिली. तिने पाण्यात बोटं घातली आणि पदराला पुसली.

"लक्ष्या पोहायचा हितं," ती म्हणाली. "वरनं कारवंडीतनं उडी टाकली की खाली हितवर यायचा वाहत. मी ह्या गावात नवी सून. बाया म्हनायच्या, हौसा, तुजा भाऊ आला गं नदीतनं. वलाचिंब हुबा ऱ्हायचा दारात. सासूबाई म्हनायच्या, तुज्या म्हायेराला वाट न्हाई का?"

मी पिशवीतून मडकं बाहेर काढलं. फडक्याची गाठ महिनाभरात घट्ट बसली होती, नखाने सुटेना. दात लावावे लागतात की काय असं मनात आलं आणि ते करायला मन धजेना. मी गाठीशी झटत होते तेवढ्यात भोंगा झाला.

इतक्या जवळून झाला, की आधी ते कळलंच नाही. पाठोपाठ वरून मुलाणीची हाक आली. तो वीजघराच्या कठड्याशी उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "वर या, वर या, फोन आला."

मी आत्याचा दंड धरला. एका हातात मडकं, एका हातात ती. उतरताना एवढा वेळ घेतलेल्या पायऱ्या ती चढली कशी, मला आजही उमगत नाही. दुसरा भोंगा झाला तेव्हा आम्ही अर्ध्यात होतो. तिला धाप लागली होती आणि त्या धापेतच ती पुटपुटत होती, माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे:

"काय बिगाडलं रं लक्ष्या? आता काय बिगाडलं तुजं?"

वरच्या पायरीवर आम्ही टेकलो. मडकं मांडीवर होतं. माझा श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस, आत्या?"

"कवा?"

"आत्ता. चढताना. काय बिघडलं म्हणालीस."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडते आहे. पण ती थोडी लाजली होती.

"तोंडातनं जातंय," ती म्हणाली. "सवं हाय."

"कसली सवय?"

"एका भाऊबीजेला आलता त्यो. तू झाली न्हवतीस तवा. तवा मी त्याला म्हनले, येवड्या लांब गेलास, ना चिठी ना काय, मेलास का जितास, मला कळायचं कसं. तर म्हनला, आक्का, तुज्या नदीला अवेळी पानी आलं की समज, माजं मशीन बंद पडलंय. आमचं कोळशाचं बंद पडलं की मुंबईवाले हितनं पानी सोडायला सांगत्यात. सांजंला येतंय ते न्हाई, ते रोजचंच. भर दुपारी, न्हाईतर पाटंचं आलं, तर ते माज्याकडनं."

खाली पात्रात अजून काही दिसत नव्हतं. वीजघरातून मात्र गुरगुर यायला लागली होती. आमच्या खालच्या दगडात ती जाणवत होती.

"मग?"

"मग काय. धुनं धूत असलो बाया की भोंगा व्हायचा. बाया कापडं गोळा करून पळायच्या, शिव्या घालायच्या धरनाला. मी म्हनायची, लक्ष्याची गिरनी बंद पडली. दमला असल. डोक्याला हात लावून बसला असल. बायकूनं भाकर झाकून ठिवली असल. मग मी हितं वर हुबी ऱ्हायची."

"कशासाठी?"

"पानी थांबंस्तवर. पानी थांबलं की कळायचं, लागलं त्याचं मशीन. आता जेवल. मग मी घरला जायची. सासूबाई म्हनायच्या, धुनं धुवाया गेलीस का वाळवाया."

बाबांचं युनिट बंद पडलं की कॉलनीत ते आधी चिमणीवरून कळायचं. चिमणीचा धूर थांबायचा. आई जेवण झाकून ठेवायची आणि आम्ही दोघी गच्चीवर जाऊन त्या चिमणीकडे बघत उभ्या राहायचो. धूर परत सुरू झाला की आई म्हणायची, चला, आता येतील तासाभरात. आई गेल्यावर मी एकटीच बघायची. राज्यात इतकी वीज केंद्रं, त्यातलं कुठलंही बंद पडलं तरी इथलं पाणी सुटत असणार; आत्याने पाहिलेल्या पाण्यातलं बाबांचं किती आणि दुसऱ्या कुणाचं किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तिला तसली शंका कधी आली नव्हती. बाबांची वाट बघणारं घर एकच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"बाबांना माहीत होतं, तू उभी राहतेस ते?"

"त्याला कोन सांगनार?"

पाणी आलं. आधी फेस आणि वाळका पाला पुढे ढकलत, मग त्याच्या मागून हिरवट, थंड, पात्राच्या दोन्ही कडांना भिडत. आम्ही जिथे वाकून उभ्या होतो ती जागा पाहता पाहता बुडाली. गोट्यांवरून वाफेसारखा गारवा वर आला. पायऱ्या एकेक करत पाण्याखाली गेल्या आणि आमच्या पायांच्या दोन पायऱ्या खाली येऊन पाणी ठरलं. त्याच्या पलीकडे सूर्य अजून डोंगराच्या वर होता.

मुलाणी कठड्यावरून ओरडला, "मॅडम, उरकून घ्या. पूर्वेला ढग आलेत, सोलर एकदम पडलं. ढग सरले की बंद करा म्हणतील."

"काय म्हनतोय?" आत्याने विचारलं.

मी तिला सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. पण तिने माझ्याकडे पाहिलं होतं.

"तिकडे दुष्काळी भागात उन्हावर वीज करतात, आत्या. काचा पसरल्यात माळावर. त्यांच्यावर ढग आले. ऊन गेलं, वीज कमी पडली, म्हणून इथलं पाणी सोडलं."

तिने वर पाहिलं. आमच्या डोक्यावर आभाळ अगदी स्वच्छ होतं.

"म्हंजी कुनाचं बंद न्हाई पडलं?"

"नाही. कुणाचं नाही."

"कुनी बसलं न्हाई डोक्याला हात लावून."

"नाही."

"आसं," आत्या म्हणाली. थोडा वेळ ती पाण्याकडे बघत राहिली. "म्हंजी आता पान्याकडं बगून काय कळायचं न्हाई."

बाबांचं जुनं युनिट त्यांच्या निवृत्तीनंतर लगेचच कायमचं बंद झालं होतं. ते तिला कुणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही.

गाठ अखेर सुटली. आम्ही दोघी पाण्याच्या पायरीपर्यंत उतरलो. आत्याने माझ्या हाताखाली हात धरला आणि मडकं तिरकं केलं. फार थोडं होतं त्यात. पांढरं काही क्षणभर पाण्यावर दिसलं, मग ओढीला लागून खालच्या अंगाला, वाडीच्या दिशेने गेलं. मडकंही आम्ही सोडलं. ते एकदा भोवंडलं, पाणी भरून घेतलं आणि बुडालं. आत्याने ओंजळभर पाणी घेऊन माझ्या डोक्यावर घातलं, मग स्वतःच्या. मंत्र असा कुणाला येत नव्हता. "जा, लक्ष्या," ती म्हणाली, "वाट हाय आता." मुलाणी वर कठड्याशी उभा होता. त्याने हात जोडले होते.

माझे हात रिकामे झाले होते आणि त्यांचं काय करावं ते मला समजेना. रिकामी पिशवी मी घडी करून काखेत धरली, परत उलगडली, परत घडी केली. सूर्य डोंगराला टेकला. वाडीतून गाण्याचा आवाज चढला होता, मांडवातले दिवे लागले होते. आत्याच्या कमरेला मोबाइल परत वाजला. तिने तो वाजू दिला. तिचं लुगडं ओलं होतं आणि वाऱ्याने ती थोडी कापत होती.

"आत्या, चल," मी म्हणाले. "घरी सगळे खोळंबले असतील. गारठशील."

ती हलली नाही. पाणी होतं तसंच दोन्ही कडांना लागून चाललं होतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याचं लागू दे."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उभी राहिले.